असून न दिसणारी तबकडी

संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानें बसवावयास घ्यावी, भाषा निवडावी, अटी मान्य कराव्या, आणि ‘कोणत्या डिस्कवर बसवावयाची?’ असें विचारणाऱ्या पानावर यादी रिकामी दिसावी, हा अनुभव आज शहरांतील पुष्कळ कुटुंबांना येतो. डिस्क सांपडत नाहीं, असें यंत्र सांगतें. आणि डिस्क तर त्याच पेटींत, हाताच्या अंतरावर असते. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, तशी ही गत होय. पण घरच्या मंडळींना म्हण आठवण्याइतकें स्वास्थ्य त्या वेळीं नसतें. डिस्क गेली असें कोणी सांगतो, नवी विकत आणली जाते, आणि जुनींत साठविलेलीं लग्नमुंजीचीं छायाचित्रें, हिशेब व पत्रें तिच्याबरोबर केरांत जातात. पुष्कळदां त्या डिस्कचा कांहींएक अपराध नसतो. असें कां घडतें, हें समजण्यास तबकडीचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

चुंबकीय तबकड्यांची साठवण असलेला पहिला व्यापारी संगणक आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें १९५६ सालीं जाहीर केला. त्याचें नांव रॅमॅक. त्याची तबकड्यांची पेटी कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें सिद्ध झाली. तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्याभोंवतीं फिरत, व सर्व मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें साठवीत. ही पेटी मोठ्या कपाटाएवढी होती. परंतु संगणक आणि तबकड्या एकाच कंपनीनें एकमेकांसाठींच बनविलेल्या असल्यामुळें त्यांची ओळख करून देण्याचा प्रश्न सहसा येत नसे.

घरगुती व कचेरीच्या लहान संगणकांबरोबर ही स्थिति पालटली. पुढें सीगेट या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें १९८० सालीं सवापांच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढली. आय. बी. एम. चा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ सालीं निघाला, तेव्हां त्यांत हार्ड डिस्क नव्हतीच. १९८३ च्या ‘एक्सटी’ यंत्रांत १० मेगाबाइटची डिस्क आली. आतां डिस्क एका कारखान्याची, तिला हुकूम देणारा नियंत्रक दुसऱ्याचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिसऱ्याची, असा संसार सुरू झाला. तीन घरांतील तीन माणसें एकत्र नांदावयाचीं म्हणजे ओळखपाळख आणि समान भाषा हवी. सर्व अडचणीचें मूळ येथें आहे.

१९८४ च्या ‘एटी’ यंत्रांत ओळखीची एक रीत ठरली. यंत्र सुरू होतांच जागी होणारी जी मूळ आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, तिच्यांत निरनिराळ्या जातींच्या डिस्कांचा एक तक्ता असे आणि प्रत्येक जातीला एक अंक असे. आपल्या डिस्कचा अंक मालकानें सांगावा व यंत्रानें तो एका चिमुकल्या स्मृतींत जपून ठेवावा, अशी ती व्यवस्था. ही स्मृति बॅटरीवर जगत असे. कांहीं वर्षांनीं बॅटरी संपली कीं यंत्र तो अंक विसरून जाई आणि काल चाललेली डिस्क आज ‘नाहीं’ ठरे. डिस्क धडधाकट असे. गेलेली असे ती केवळ तिची ओळख. ज्यानें तो अंक टिपून ठेविला असेल तो मनुष्य पांच मिनिटांत काम उरकी. दुसरा मात्र नव्या डिस्कची किंमत विचारीत फिरे.

यानंतर नियंत्रकच डिस्कच्या अंगावर बसविण्याची युक्ति निघाली. या पद्धतीला आय. डी. ई. म्हणत, तिचे प्रमाण नियम १९९४ सालीं मंजूर झाले. या डिस्कला ‘तूं कोण?’ असें विचारतां ती आपलें नांव व आकार स्वतः सांगे, म्हणून तक्त्यांतील अंकांची कटकट मिटली. पण एका केबलवर दोन डिस्का जोडीत, आणि त्यांपैकीं मुख्य कोणती व दुय्यम कोणती हें जंपर नांवाची एक लहानशी टोपी योग्य पिनांवर बसवून ठरवावें लागे. दोघींनीं मुख्यपणाचा हक्क सांगितला कीं एका म्यानांत दोन तलवारी, आणि पुष्कळदां दोन्ही बेपत्ता!

त्याच काळांत आकाराचीहि एक भिंत आडवी आली. बायोस आणि डिस्क यांच्या मर्यादा एकत्र धरल्या म्हणजे १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर व प्रत्येक सेक्टरांत ५१२ बाइट एवढाच हिशेब जमत असे. हा गुणाकार ५२ कोटी ८४ लक्ष ८२ हजार ३०४ बाइट होतो. जुन्या बायोसच्या यंत्राला याहून मोठी डिस्क जोडली तर मर्यादेपलीकडचा भाग त्यास नसल्यासारखाच असे.

येथवर चूक डिस्क आणि यंत्र यांच्यामधली होती. पुढची चूक निराळी. यंत्राला डिस्क दिसते, पण ऑपरेटिंग सिस्टिम बसविणाऱ्या आज्ञावलीला दिसत नाहीं. याचें कारण असें कीं, ही आज्ञावली सुरुवातीस बायोसचा हात धरून चालते, पण लवकरच तो सोडून स्वतः डिस्कशीं बोलूं लागते. त्यासाठीं तिला दुभाषा लागतो. त्याचें नांव ड्राइव्हर. विंडोज एक्सपी २००१ सालीं बाजारांत आली. साटा जातीच्या डिस्का २००३ सालीं आणि त्यांच्याशीं बोलण्याची ए. एच. सी. आय. ही रीत २००४ सालीं आली. २००१ च्या सीडीवर २००४ च्या भाषेचा दुभाषा कोठून असणार? एफ-६ ही कळ दाबून बाहेरचा दुभाषा देण्याची सोय होती खरी, परंतु तो फ्लॉपीवरून द्यावा लागे, आणि नव्या यंत्रांतून फ्लॉपी तर लुप्त होत चालली होती. औषध हातीं यावें आणि तें पाजण्यास चमचा नसावा, तसें झालें. म्हणून बरेच लोक बायोसमध्यें जाऊन साटा डिस्कला जुन्या आय. डी. ई. चें सोंग घ्यावयास लावीत. पुढील विस्टा या विंडोजपासून ड्राइव्हर सीडीवरून किंवा युएसबीवरून देतां येऊं लागला.

इतिहासाची पुनरावृत्ति लवकरच झाली. २००९ सालीं विंडोज ७ आली; एनव्हीएमई या अतिवेगवान पद्धतीचे पहिले नियम २०११ सालीं निघाले. त्यामुळें विंडोज ७ च्या मूळ साधनाला अशी डिस्क दिसत नसे. त्यानंतर २०२० पासून इंटेलच्या अकराव्या पिढीचे लॅपटॉप आले. त्यांपैकीं अनेकांत, व पुढील पिढ्यांतहि, व्हीएमडी नांवाचा एक पडदा डिस्कपुढें असतो. त्याचा ड्राइव्हर विंडोज बसविण्याच्या साधनांत पुष्कळदां नसतो, आणि यादी पुनः रिकामी दिसते.

श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं, बॅटरी, जंपर, फ्लॉपी आणि पडदा या चारहि प्रसंगीं डिस्क जिवंतच होती. या इतिहासांतून तपासाचा क्रम आपोआप निघतो. प्रथम यंत्र सुरू होतांना बायोसचें पान उघडून तेथें डिस्कचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहावें. नांव असेल तर बहुधा दुभाष्याचीच उणीव आहे असें समजावें. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच नमुन्याचा साठवणीचा ड्राइव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून, त्याची गांठोडी सोडून, मोकळ्या फायली पेनड्राइव्हवर ठेवाव्या आणि ‘लोड ड्राइव्हर’ या बटनानें त्या दाखवाव्या. बायोसमध्यें व्हीएमडी बंद करणें हा दुसरा मार्ग आहे; पण डिस्कवर आधींची विंडोज असेल तर ती त्यानंतर सुरू न होण्याचा संभव असतो, आणि डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर तिची रिकव्हरी की मागितली जाऊं शकते. ती हाताशीं असल्याखेरीज हा मार्ग धरूं नये. जुनी माहिती हवी असतां फॉरमॅटच्या बटनास स्पर्शहि करूं नये. लिनक्सच्या गाभ्यांत व्हीएमडीचा ड्राइव्हर २०१६ पासून आहे. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधीं छायाचित्रें व कागदपत्रें उतरवून घेतां येतात, असें अनेकदां घडतें.

बायोसमध्येंहि नांव नसेल, तर यंत्र बंद करून केबल, खांचा व स्क्रू तपासावे. एम-२ आकाराच्या कांहीं खांचा केवळ साटा, तर कांहीं केवळ एनव्हीएमई डिस्क घेतात, हेंहि पाहावें. मग डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून पाहावी. तेथेंहि ती गप्प राहिली, तरच तिच्यावर संशय घेणें न्याय्य होय. त्याआधीं तिला दोषी ठरविणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें आहे. दुरुस्तीवाल्यानें ‘डिस्क गेली’ असा निकाल दिला, तर घरच्या कर्त्या माणसानें त्यास एवढेंच विचारावें कीं, बायोसमध्यें तिचें नांव दिसतें काय? त्याचें उत्तर मिळेपर्यंत ती डिस्क घराबाहेर जाऊं देऊं नये.