मोटारीचा दुसरा धूर

मोटारीच्या धुराचा विषय निघाला कीं बहुतेकांच्या दृष्टीसमोर मागील नळींतून बाहेर पडणारा काळा लोट उभा राहतो. परंतु १९६० पूर्वीच्या बहुतेक मोटारींना धूर सोडण्याची आणखी एक वाट होती. ती इंजिनाच्या पोटाखालीं उघडत असे, आणि ती बंद करण्यास एक बोटभर झडप पुरेशी होती. ही झडप ठाऊक असूनहि शहरांतील मोटारींत येण्यास तिला वीस वर्षें लागलीं.

सिलिंडरांत इंधनाचा भडका उडतो तेव्हां थोडा वायु दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून खालीं क्रँककेसमध्यें उतरतो. त्याच्याबरोबर न जळलेलें पेट्रोल व पाण्याची वाफहि येते. हा वायु कोंडून राहिला तर सांध्यांतून तेल पाझरूं लागतें, आणि आंतील तेलाचा चिखल होतो. म्हणून जुन्या इंजिनांस खालच्या बाजूस एक उघडी नळी लावीत. गाडी धावूं लागली कीं वाऱ्याच्या ओढीनें तो वायु बाहेर खेंचला जाई, आणि रस्त्यावरील माणसांच्या वांट्यास येई.

दुसऱ्या महायुद्धांत लष्करी गाड्यांना नदीनाले ओलांडावे लागत, आणि उघड्या नळींतून इंजिनांत पाणी शिरण्याचें भय असे. तेव्हां हा वायु बाहेर न सोडतां, सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या शोषनळींत घालून जाळून टाकण्याची युक्ति उपयोगी पडली. सुप्रसिद्ध विलीज जीपमध्यें अशी झडप होती. तिची रचना साधी, पण मार्मिक आहे. इंजिन मंद चालत असतां शोषनळीची ओढ जबर असते. ती झडपेंतील खुंटा खेंचून वाट अरुंद करते. तसें न झाल्यास जादा हवा शिरून इंजिन अडखळेल. थ्रॉटल उघडला कीं ओढ मंदावते, स्प्रिंग खुंट्यास मागें सारते, आणि वाढलेल्या वायूस रुंद वाट मिळते. ज्वाला उलटलीच तर झडप मिटते.

जुलै १९४३ मध्यें लॉस एंजेलिसवर डोळ्यांस झोंबणारें दाट धुकें उतरलें. शत्रूनें विषारी वायु सोडला असावा, असाहि संशय कित्येकांस आला. पुढें १९५० नंतरच्या थोड्या वर्षांत आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, न जळलेलें इंधन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें जन्मतें. मोटारींतून निसटणाऱ्या अशा इंधनाचा सुमारें पंचमांश भाग क्रँककेसच्या उघड्या नळींतून जातो, हें १९५९ च्या सुमारास ध्यानांत आलें. कॅलिफोर्नियांतील नव्या गाड्यांवर १९६१ च्या नमुन्यांपासून, व सर्व अमेरिकेंत १९६३ च्या नमुन्यांपासून ती जुनी झडप बसूं लागली. धूरनियंत्रणाचीं साधनें संगनमतानें लांबविल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्यायखात्यानें १९६९ मध्यें बड्या कारखानदारांवर दावा लावला. त्यांनीं गुन्हा कबूल न करतां त्याच वर्षीं तडजोड केली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईस महिंद्र कंपनीनें विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. पुढें अशा अनेक जीपांतील पेट्रोल इंजिन काढून त्या जागीं डिझेल इंजिन बसविण्यांत आलें. तेथें झडपेचा खरा स्वभाव प्रकट होतो. बहुतेक डिझेल इंजिनांत शोषनळीची तशी ओढच नसते; मग जुनी झडप काढून नव्या इंजिनास लावली तरी तिला खेंचणार कोण? पेट्रोल इंजिनाच्या जागीं दुसरें पेट्रोल इंजिन आलें तरीहि झडप नव्या इंजिनाच्या आकारास व ओढीस जुळणारीच हवी. ती तेलाचे शिंतोडे पोंचत नाहींत अशा आडोशास असावी, ताजी हवा दुसऱ्या टोंकाकडून यावी, आणि नळी थ्रॉटलच्या पलीकडे, शोषनळीच्या मध्यभागीं जोडावी, म्हणजे सर्व सिलिंडरांस सारखा वांटा मिळतो.

या झडपेचें महत्त्व प्रथम ओळखलें तें इंजिनाच्या रक्षणासाठीं; माणसांच्या छातीसाठीं तें ओळखलें जाण्यास एका शहराचे डोळे चुरचुरावे लागले.