भडकल दरवाजा : तटापूर्वीचा एक दरवाजा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून लोकांच्या तोंडी आहे. प्रत्यक्षात उभे असलेले दरवाजे या संख्येहून पुष्कळ कमी आहेत. शहर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा बिबीका मकबरा व पाणचक्की पाहून वेरूळच्या वाटेस लागतो. त्यातूनही दरवाजांकडे लक्ष गेलेच, तर ते दिल्ली दरवाजाकडे किंवा बाजारपेठेच्या तोंडाशी असलेल्या पैठण दरवाजाकडे जाते. भडकल दरवाजाकडे मुद्दाम वाट वाकडी करून जाणारे थोडेच. वास्तविक या नगराच्या प्रारंभकाळाची साक्ष देणारी जी मोजकी वास्तू आज उभी आहेत, त्यांत या दरवाजाचे स्थान फार वरचे आहे.

दरवाजा म्हटला की तट गृहीत धरण्याची आपली सवय आहे. तट आधी, आणि त्यात ये-जा करण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे दरवाजा, असा हा क्रम. भडकल दरवाजाच्या बाबतीत हा क्रम उलटतो. नगराभोवतीचा तट औरंगजेबाच्या आज्ञेने इ. स. १६८२ मध्ये बांधण्यात आला. भडकल दरवाजा मलिक अंबराने इ. स. १६१२ मध्ये उभारला. दोहोंमध्ये ७० वर्षांचे अंतर आहे. तेव्हा त्या तटाच्या दरवाजांच्या मालिकेत याचीही गणना करून मोकळे होणे म्हणजे एका राजवटीच्या स्मारकावर दुसऱ्या राजवटीचा शिक्का मारण्यासारखे होय.

हा दरवाजा समजण्यासाठी १६०० पासूनच्या घटना ध्यानी घेतल्या पाहिजेत. त्या वर्षी अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाही संपल्यात जमा झाली. मूळचा हबशी गुलाम असलेल्या मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास परांड्यास गादीवर बसवून त्या राज्यास नवे आयुष्य दिले. पुढे १६१० मध्ये दौलताबादेपासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावरील खडकी या गावी त्याने नवे नगर वसविण्यास आरंभ केला. राज्य अजून सुस्थिर झाले नव्हते. मोगलांनी लवकरच दोन बाजूंनी चढाईचा बेत केला. गुजराथेतून अब्दुल्ला खान निघाला. तथापि दुसऱ्या फौजेची वाट न पाहता तो पुढे आला. अंबराच्या घोडदळाने समोरासमोर लढाई न देता त्याची रसद तोडली, पिछाडीवर छापे घालून त्यास हैराण केले. अखेर त्यास बागलाणमार्गे गुजराथेकडे परतावे लागले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला, असे परंपरेने मानले जाते. कालाचा मेळ या परंपरेस अनुकूल आहे.

वास्तूचे रूपही या हेतूशी सुसंगत आहे. दिल्ली दरवाजासमोर उभे राहिल्यास दोन्ही अंगांचे बुरूज आणि माथ्यावरचे कंगोरे प्रथम नजरेत भरतात. शत्रूस थोपविणे हा त्या रचनेचा उघड हेतू आहे. भडकल दरवाजात नजर खिळते ती बुलंद, अणीदार कमानीवर आणि आतल्या घुमटाकार छतावर. ही रचना अडविण्यापेक्षा मिरवणुकीने आत येण्यास अधिक साजेशी वाटते.

अंबराच्या संरक्षणाची मुख्य भिस्त नगराच्या तटावर नव्हती. ती दौलताबादच्या दुर्गावर आणि चपळ घोडदळावर होती. या घोडदळात मराठ्यांचा भरणा मोठा होता. या पद्धतीची किंमतही त्याला मोजावी लागली. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत, काही सरदार फुटून मोगलांस मिळाल्यामुळे, त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये शाहजहानच्या मोहिमेत नगराची पुन्हा तीच गत झाली. मात्र नगर जळाले म्हणून राज्य बुडाले नाही. पहिल्या विध्वंसानंतर लौकरच, १६१७ च्या सुमारास, नगरास पाणी पुरविणारी नहर-ए-अंबरी पूर्ण झाली, आणि १६२४ मध्ये भातवडीच्या रणांगणावर अंबराने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. शहाजी राजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले.

याच्या उलट १६८२ चे चित्र पाहावे. त्या वेळी औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला होता. हिंदुस्थानातील सर्वांत मोठी फौज आणि सर्वांत संपन्न खजिना त्याच्या हाती होता. तरीही स्वतःचे नाव दिलेल्या या नगरास मराठ्यांच्या हल्ल्यांपासून वाचविण्यासाठी त्यास तट घालावा लागला. आदल्याच वर्षी संभाजी महाराजांच्या सैन्याने बऱ्हाणपूर लुटले होते. ज्या युद्धपद्धतीने अब्दुल्ला खानास परत फिरविले, तीच पद्धत अधिक व्यापक रूपाने आता बादशहापुढे उभी होती. मराठ्यांनी गनिमी कावा केवळ अंबरापासून उचलला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सह्याद्रीच्या भूमीनेही तो शिकविला. परंतु दोन पिढ्यांचा संबंध नाकारता येत नाही. भडकल दरवाजा हे त्या पद्धतीच्या एका यशाचे चिन्ह, तर १६८२ चा तट ही त्याच पद्धतीच्या धाकाची कबुली होय.

खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर, अशी नावे या नगराने धारण केली. प्रत्येक नावाबरोबर नगराचा इतिहास त्या नावापासून सुरू करण्याचा मोह उत्पन्न होतो. भडकल दरवाजा या मोहास आवर घालतो. आज त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तेथे अलोट गर्दी लोटते. एरवी लोक कमानीकडे न पाहता आपापल्या कामास जातात. तटाचा बराच भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला आहे. त्याच्याही आधीचा हा दरवाजा मात्र उभा आहे. नगराच्या इतिहासाची मांडणी करताना अभ्यासकाने आरंभ तटापासून न करता या दरवाजापासून करावा, हेच सयुक्तिक होय.