ढवळलेला तळ
गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून पहिले बहुधातू गोटे वर काढले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या गोट्यांच्या शोधासाठी भारताला मिळाले. बटाट्याएवढे हे काळे गोटे मऊ चिखलात निम्मे रुतलेले असतात. ते उपसताना गाळ उसळणारच. म्हणून १९९७ मध्ये, खाणकामाच्या कितीतरी आधी, त्याचा परिणाम पाहण्यासाठी या क्षेत्रातील पाच किलोमीटरहून खोल तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळला गेला. यंत्र चिखल खेचून तळापासून काही मीटर वर सोडी. सापळे खाली बसणारा गाळ टिपत. बारीक कण प्रवाहाबरोबर पट्ट्याबाहेरही पसरले. गाळाचा असा लोट किती पसरेल याचा अंदाज कणांचा आकार, प्रवाह आणि सोडण्याची उंची यांवरून बांधतात. गाळ तळालगत सोडल्यास पसारा कमी होतो.