राज्याभिषेकाची स्मृतिपदके आणि दुष्काळी सोलापूर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
राज्यारोहणाची स्मृती धातूवर कोरून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. युरोपात त्यासाठी स्वतंत्र पदके पाडली जात. महाराष्ट्रात हे कार्य नाण्यांनी केले. या दोन परंपरांतील भेद प्रस्तुत लेखात तपासला असून, त्यासाठी केम (ता. करमाळा) ज्या सोलापूर जिल्ह्यात येते, त्या जिल्ह्याचा अनुभव विचारात घेतला आहे.

शिवराज्याभिषेकाची नाणी :
दि. ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या सुवर्ण होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. होन सामान्य रयतेच्या हाती क्वचितच पडला असेल. तांब्याची शिवराई मात्र बाजारहाटात फिरली आणि एकोणिसाव्या शतकातही दख्खनमध्ये वापरात राहिली.

दिल्ली दरबाराची पदके :
दि. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनने राणी व्हिक्टोरियास हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले. त्या प्रसंगाचे सुवर्णपदक संस्थानिकांना व उच्चपदस्थांना, तर रौप्यपदक इतर निवडक व्यक्तींना मिळाले. सातव्या एडवर्डच्या (१९०३) व पाचव्या जॉर्जच्या (१९११) राज्यारोहणानिमित्त भरलेल्या दरबारांतही सोन्यारुप्याची पदके दिली गेली. त्यांवर फारसी मजकूरही होता. पदक कोणत्या धातूचे, यावरून धारकाची श्रेणी कळे.

दरबार आणि दुष्काळ :
१८७७ चा दरबार भरला तेव्हा दख्खन १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात होरपळत होते. सोलापूर हा त्यातील अतिशय पीडित जिल्ह्यांपैकी एक होता. त्याच वर्षाच्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली गेली. पुणे सार्वजनिक सभेने या कपातीस विरोध केला. याच सभेचे गणेश वासुदेव जोशी दिल्ली दरबारास खादीचा वेष परिधान करून उपस्थित राहिले होते.

निष्कर्ष :
शिवराई व्यवहारातून रयतेपर्यंत पोहोचली. दरबारी पदक निष्ठेच्या मोबदल्यात मोजक्यांच्या अंगावर मिरवले. म्हणून पदकांचा अभ्यास केवळ धातू, वजन व मजकूर यांपुरता मर्यादित ठेवणे उचित नाही. १८७७ चे पदक वाचताना त्याच्याजवळ त्या वर्षीची एक आण्याची मजुरीही मांडली पाहिजे. तेव्हाच त्या पदकाचे खरे मूल्य ठरेल.