निजामाचे विमान, वऱ्हाडची सरकी

डी.एच. ९ ए हे पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी लढाईत उतरलेले ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. पंख दुहेरी, माणसे दोन, पुढे चारशे अश्वशक्तीचे बारा सिलिंडरचे लिबर्टी इंजिन. पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत ४५ फूट ११ इंच. लढाऊ विमानांच्या मोठ्या आकाराच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बांधणाऱ्यांसाठी हे अवघड पण मोहात पाडणारे विमान आहे. एक-पंचमांश प्रमाणात घेतले तरी पंख २.८ मीटर भरतात. ही विमाने ज्या तुकडीने पहिल्यांदा युद्धात नेली तिचे नाव ‘हैदराबाद’ होते. या नावाचा एक धागा थेट वऱ्हाडात, दर्यापूर-अंजनगावच्या काळ्या रानात येऊन पोचतो.

वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो कायमच्या पट्ट्याने घेतला. मोबदला ठरला वर्षाला २५ लाख रुपये. हा पैसा उभा राहत होता मुख्यतः काळ्या जमिनीच्या साऱ्यातून, म्हणजे कापसातून. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे आली तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जाऊ लागला होता. दर्यापूर तालुका १९०५ पर्यंत एलिचपूर जिल्ह्यात होता, नंतर अमरावतीत आला. पुढे मूर्तिजापूरहून एलिचपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी दर्यापूरवरून धावू लागली. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणतात. तिचा मूळ धंदा प्रवासी नेण्याचा नव्हे, गाठी ओढण्याचा.

महायुद्धात साम्राज्यातली संस्थाने, शहरे, व्यापारी मंडळे सरकारला विमाने ‘भेट’ देत. रक्कम द्यायची, आणि त्या बदल्यात विमानावर देणाऱ्याचे नाव रंगवले जायचे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी एक-दोन नव्हे, अख्ख्या तुकडीचीच विमाने दिली. ही ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी. प्रत्येक विमानाच्या अंगावर निजामाची भेट असल्याचा मजकूर होता. खजिन्यातला रुपया कुठून आला हे रुपयावर लिहिलेले नसते. पण त्या खजिन्यात दरसाल वऱ्हाडचे २५ लाख पडत होते, एवढे खरे.

१९१८ च्या सप्टेंबरमध्ये ही तुकडी फ्रान्समधून जर्मन शहरांवर बॉम्बफेक करू लागली. दिवसाढवळ्या, दूरवर, सोबतीला संरक्षक विमाने नाहीत. नुकसान फार झाले. ५ ऑक्टोबरला एफ १०१० क्रमांकाचे विमान जर्मनांच्या हाती पडले आणि त्यामुळेच ते वाचले. बाकीची विमाने युद्धात तरी गेली किंवा नंतर भंगारात. हे बर्लिनच्या संग्रहालयात लागले, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला हलवले गेले, आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ब्रिटनला परत आले. आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. कुठल्याही प्रतिकृतीकाराला मोजमापासाठी, रंगासाठी, अक्षरांच्या उंचीसाठी शेवटी त्याच्यापाशीच यावे लागते.

वऱ्हाडाशी दुसरा धागा आहे तो विमानाच्या कातडीचा. त्या काळचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर ताणलेले कापड. इंग्रज जवसाच्या सुताचे आयरिश लिनन वापरत. युद्धाच्या उत्तरार्धात ते पुरेना, तेव्हा अमेरिकनांनी कापसाचे खास विणलेले कापड मान्य केले. पण लिनन असो वा सुती, नुसते कापड सैल पडते, ओल धरते. त्यावर ‘डोप’ नावाचे द्रावण ब्रशने चढवावे लागते. ते वाळताना आकसते, कापड ढोलकीच्या पुडीसारखे तणते, टिचकी मारली की आवाज देते. हे डोप सेल्युलोजचे, आणि शुद्ध सेल्युलोजचा सर्वांत सोयीचा साठा म्हणजे सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावर सरकीवर जी बारीक लव उरते, तीच. कापड विणायला ती निरुपयोगी. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की तिचे नायट्रोसेल्युलोज होते. कमी नायट्रोजनचे डोपात, जास्त नायट्रोजनचे बंदुकीच्या दारूत. म्हणजे विमानाची कातडी आणि विमानावरच्या बंदुकीची गोळी यांची आई एकच. नायट्रेटचे डोप भडकन पेटते, म्हणून ॲसिटेटचे डोपही वापरात आले. कच्चा माल तोच.

डी.एच. ९ ए युद्धानंतरही संपले नाही. वायव्य सरहद्दीवर ते बरीच वर्षे उडत राहिले. त्याच्या जागी नवे विमान हवे झाले तेव्हा काटकसरी हवाई खात्याने अट घातली, की जुन्या विमानाचे जितके भाग वापरता येतील तितके वापरा. त्यातून १९२७ मध्ये वेस्टलँड वापिती हे विमान आले. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापितींवर. निजामाच्या विमानाचे आणि भारतीय हवाई दलाच्या पहिल्या विमानाचे नाते असे चुलत्या-पुतण्याचे आहे. एक वापिती आजही दिल्लीच्या पालम संग्रहालयात पाहायला मिळते. दुसऱ्या महायुद्धात ‘हैदराबाद’ नाव १५२ क्रमांकाच्या स्पिटफायर तुकडीला मिळाले. तिच्या बोधचिन्हात निजामाची दस्तार आहे. तोवर १९३६ च्या करारान्वये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला होता. वऱ्हाडात त्याची सत्ता मात्र काडीचीही नव्हती.

लहान विमान ही मोठ्याची नक्कल, असे आज वाटते. इतिहासात क्रम उलटा आहे. जॉर्ज केलीने १८०४ मध्ये छोटे ग्लायडर उडवले. पॅरिसमध्ये १८७१ साली आल्फाँस पेनोचे पिळलेल्या रबराचे विमान अकरा सेकंद तरंगले. अमेरिकेत सॅम्युअल लँग्लेचे वाफेचे बिनमाणसी विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे किलोमीटरभर गेले. राइट बंधूंचे पहिले उड्डाण यानंतरचे, १९०३ चे. १९०३ नंतर लहान विमान मोठ्याच्या मागे चालू लागले, आणि ‘हुबेहूब’ हा शब्द त्याला चिकटला.

रेडिओ आला तो युद्धखात्याच्या आणि शौकिनांच्या दोन वेगळ्या दारांनी. ब्रिटनने १९३५ मध्ये ‘क्वीन बी’ हे रेडिओवर चालणारे लक्ष्यविमान केले. तोफखान्याने नेम धरावा एवढाच त्याचा उपयोग. इकडे अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे विमान रेडिओवर उडवले. हॉलिवूडचा नट रेजिनाल्ड डेनी याने तर छंदातूनच कारखाना काढला, आणि युद्धात अमेरिकन लष्कराला हजारो छोटी लक्ष्यविमाने पुरवली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीचे छायाचित्र लष्करी छायाचित्रकाराने काढले. ती पुढे मेरिलिन मन्रो म्हणून प्रसिद्ध झाली.

भारतात हा छंद रुजला तो एन.सी.सी.मुळे. १९४८ मध्ये संघटना स्थापन झाली, आणि १ एप्रिल १९५० ला तिची हवाई शाखा मुंबई आणि कलकत्ता इथल्या एकेका तुकडीने सुरू झाली. पुढे नागपूर, पुणे इथेही हवाई तुकड्या आल्या. विदर्भातल्या कॅडेटला विमान हाताळायचे तर वाट नागपूरची. पण खरे विमान वाट्याला येण्याआधी हातात येई बाल्साची पट्टी, ब्लेड आणि गोंद. बाल्सा हे इक्वेडोरचे झाड. लाकूड इतके हलके आणि मऊ की नखाने खूण उमटते. आयात माल महाग, म्हणून कोलकात्याच्या इंडिया हॉबी सेंटरसारख्या दुकानांवर सारा भार. त्यांची ‘अरोरा’ इंजिने जुन्या छांदिष्टांना अजून आठवतात.

त्या काळी रेडिओ परवडत नसे. विमान दोन बारीक तारांना बांधून भोवती गोल फिरवायचे. याला ‘कंट्रोल लाइन’ म्हणतात. त्याचे डिझेल इंजिन ईथर, घासलेट आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चाले. ग्लो इंजिनला मिथेनॉल आणि एरंडेल. एरंडेल एवढ्यासाठी, की ते इंधनात विरघळले तरी गरम धातूवर आपली पकड सोडत नाही. पहिल्या महायुद्धातली फिरती विमान-इंजिनेही याच तेलावर चालत, आणि ब्रिटनला लागणाऱ्या एरंडीचा मोठा वाटा हिंदुस्थानातून जाई. वऱ्हाडात धुऱ्यावर उगवणारा एरंड कोणी मुद्दाम लावतही नाही. एरंडेलाचा जळका गोडसर वास ही छोट्या विमानांच्या मैदानाची ओळख होती.

खेड्यातल्या पोरांकडे बाल्साही नव्हता. तिथे ज्वारीचा धांडा असे. वरची साल सोलून काढायची, आतला पांढरा गाभा तोडायचा, आणि सालीच्या काड्या गाभ्यात खुपसून बंडी, चाके, बैल उभे करायचे. आकाशात विमान दिसू लागल्यावर त्याच धांड्याचे विमान होऊ लागले. सालीचा ताठपणा आणि गाभ्याचा हलकेपणा हे गणित बाल्साच्या पंखातही असेच असते: कडक लाकडाची स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य दांडा, आणि मऊ लाकडाच्या फासळ्या.

एक-पंचमांश डी.एच. ९ ए बांधताना पहिला झगडा वजनाशी होतो. खऱ्या विमानाचे भरल्या पोटी वजन सुमारे २,१०० किलो. लांबी, रुंदी, उंची पाचपट घटली की वजन एकशेपंचवीसपट घटते. म्हणजे नक्कल जवळपास १७ किलोची. पंखाचे क्षेत्र मात्र पंचवीसपटच घटते. त्यामुळे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार पाचपट कमी होतो, पण उडायला लागणारा वेग सव्वादोनपटच उतरतो. खरे विमान ताशी सुमारे २०० किलोमीटरने जात असेल तर हे ८९ ने पळते. डोळ्याला खरे दिसावे तर ४० हवे. म्हणून लहान विमान अनेकदा खेळण्यासारखे सुसाट दिसते. सगळा कस लागतो तो सतराचे अकरा-बारा किलो करण्यात.

शेपटीकडे एक ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणून सराईत माणूस शेपटीच्या फासळ्यांना भोके पाडतो, आणि सर्व्हो शक्य तितके पुढे ठेवून रडरपर्यंत तारा नेतो. सर्व्हो ही काडेपेटीएवढी मोटर. रिसीव्हरकडून तिला सेकंदाला पन्नास ठोके येतात. दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे मधोमध, एकाचा म्हणजे एका टोकाला, दोनाचा म्हणजे दुसऱ्या. बोटाने ट्रान्समीटरची काडी हलवली की रडर हलतो तो एवढ्या फरकावर. पूर्वी शेजारच्याने त्याच चॅनेलवर ट्रान्समीटर सुरू केला की विमान जमिनीत घुसे. २.४ गिगाहर्ट्झचे संच आल्यावर ही भीती गेली. भारतात हा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे.

सांगाड्यावर कापड चढते तिथून नटवण्याचे काम सुरू होते, आणि बांधणीइतकाच वेळ खाते. आता बरेचजण इस्त्रीने आकसणारे पॉलिस्टर कापड वापरतात. हट्टी माणूस अजून डोपच लावतो. खऱ्या विमानात कापड फासळीला सुताने शिवलेले असे आणि टाक्यांवर दातेरी पट्टी चिकटवलेली. प्रतिकृतीत टाक्याच्या जागी पांढऱ्या गोंदाचा थेंब सुईने ठेवतात. असे शेकडो थेंब. घाईत एक मोठा पडला तर सगळी रांग बिघडते. वेताच्या बैठका मेण लावलेल्या दोऱ्याने विणतात. मागच्या माणसाची बंदूक ज्या गोल कड्यावर फिरे ते कडे फिरते ठेवले तर परीक्षक खूश होतात. दोन पंखांमधल्या ताणतारा नुसत्या देखाव्याच्या करता येतात, पण खऱ्या भार घेणाऱ्या केल्या तर पंख हलका ठेवता येतो.

भांडण असते ते रंगावर. ब्रिटिश विमानांचा पी.सी. १० हा रंग गेरूसारखी माती आणि काजळी मिसळून केलेला. नवा असताना हिरवट, उन्हात तपकिरी. कोणती छटा खरी यावर शंभर वर्षे वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू बरोबर असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात शेवटी येतात निजामाच्या भेटीची अक्षरे. ती छापील चिकटवली तर लगेच कळतात. मूळ अक्षरे हाताने रंगवलेली होती, त्यांच्या कडा थोड्या थरथरत्या हव्यात.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी अशा विमानांना स्वतंत्र व्याख्या दिली: २५ किलोपर्यंत वजनाचे, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीचे, आणि डोळ्यासमोर उडवायचे. बारा किलोचे डी.एच. ९ ए त्यात आरामात बसते. विमानतळाच्या आसपासचे आकाश सरकारी नकाशावर लाल किंवा पिवळे, म्हणजे परवानगीशिवाय बंद, धरतात. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाल्याने जिल्ह्यातही उडवण्याआधी नकाशा पाहणे आले.

वऱ्हाडात अशा विमानाला जागा मिळते ती पऱ्हाटी उपटून झाल्यावर. दुपारी काळ्या रानातून उठणाऱ्या गरम झोताने हलके विमान उलथते, म्हणून वेळ सकाळची. चारही पंख सुटे आणलेले असतात. अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर सरकवून जोडायचे, मग प्रत्येक तार तिच्या क्रमांकाच्या आकड्यात अडकवायची आणि बोटाने छेडून ताण पाहायचा. उड्डाण दहा-बारा मिनिटांचे असते. तारा पुन्हा सोडवायला त्याहून जास्त वेळ जातो.