खोटेपणा आणि खोटी आठवण

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा पुरावा सर्वांत भक्कम, असे आपण मानतो. 'चक्षुर्वै सत्यम्' हा न्याय कचेरीपासून ओसरीवरच्या भांडणापर्यंत चालतो. ह्या विश्वासाला तडा कसा गेला, तेवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

झाँ पियाजे हे स्वित्झर्लंडचे थोर मानसशास्त्रज्ञ. आपण सुमारे दोन वर्षांचे असता पॅरिसच्या रस्त्यावर कोणी आपल्याला बाबागाडीतून पळवू पाहिले व दाईने झटापट करून वाचविले, हे दृश्य त्यांना स्पष्ट दिसे. दाईच्या तोंडावरचे ओरखडे, जमलेली गर्दी, पोलिसाचा पांढरा दंडुका, सारे काही. पुढे ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना दाईचे पत्र आले. ती हकीकत तिने रचलेली होती. बक्षिसाचे घड्याळही तिला परत करावयाचे होते.

असत्य एकच, पण दाई खोटे बोलली, पियाजे मात्र खोटे बोलत नव्हते. खोटे बोलणाऱ्याला खरे ठाऊक असते आणि ते दडवावे लागते. चुकीचे आठवणाऱ्याजवळ दडविण्यासारखे काही नसतेच. म्हणून त्याची जीभ अडखळत नाही.

हे घडते कसे? १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी दाखविले की, उत्तर अमेरिकेतील आदिवासींची कथा इंग्रज वाचक पुन्हा सांगू लागले की तिच्यातील सीलची शिकार मासेमारी होऊन बसे. स्मरण म्हणजे कोठारातील वस्तू काढणे नव्हे. दर वेळी ती नव्याने घडविणे होय. २००० साली न्यूयॉर्क येथे उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की, जागी केलेली भीतीची आठवण मेंदूत काही काळ कच्ची होते व तिला पुन्हा पक्के व्हावे लागते.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची फिल्म दाखविली. वेग विचारताना ५० जणांना 'मोटारी आदळल्या तेव्हा' असे म्हटले, दुसऱ्या ५० जणांना 'मोटारींचा चुराडा झाला तेव्हा' असे. आठवड्याने काचेचे तुकडे पाहिले काय, असे विचारता पहिल्यांतील ७ व दुसऱ्यांतील १६ जण 'होय' म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच!

ही केवळ प्रयोगशाळेतील गंमत नव्हे. अमेरिकेत डीएनए चाचणीने पुढे निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी बहुसंख्यांच्या शिक्षेमागे साक्षीदारांनी पटविलेली चुकीची ओळख होती. ते साक्षीदार सारेच काही लबाड नव्हते. म्हणून साक्षीदार प्रामाणिक आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. त्याला आधी कोणी, काय आणि कोणत्या शब्दांत विचारले, हेही विचारावे लागते.