हुकूम आणि हजेरीपट

बेळगाव शहराच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या आसमंतात, कंग्राळी या एकाच नावाची दोन गावे आहेत. एक कंग्राळी बुद्रुक आणि दुसरे कंग्राळी खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतला ‘बुजुर्ग’, थोरला. आणि खुर्द म्हणजे धाकटा. औत धरणाऱ्या कुणब्याला या थोरल्या-धाकट्या भेदाची गरज क्वचितच पडली असेल. ती पडली मुलकी दफ्तराला, कारण वसुलाच्या वहीत दोन गावांची जमाबंदी एकमेकीत मिसळून चालत नाही. राज्ये गेली, अंमल बदलले, दफ्तराची भाषा फारसीवरून मराठीवर, मराठीवरून इंग्रजीवर आणि इंग्रजीवरून कानडीवर आली; पण कारकुनाने एकदा लावून दिलेले ते थोरलेपण आणि धाकटेपण गावांच्या नावाला चिकटून राहिले. नियमाचा मूळ स्वभाव येथे दिसतो. तो प्रथम विभागतो आणि मग मोजतो. अशा नियमाने शाळा आणि समाज अधिक न्यायी होतात काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आमचा हा सीमाभाग अनुरूप आहे, कारण या मुलखाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत जितके हुकूम पाहिले तितके फारच थोड्या मुलखांनी पाहिले असतील.

प्रारंभ धारवाडपासून करावा. बेळगावाप्रमाणेच धारवाडही त्या काळी मुंबई इलाख्यात होते. जातीच्या एकमेव कारणावरून कोणत्याही मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये, असे तत्त्व ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी 1854 साली लेखी घालून दिलेले होते. आणि अवघ्या दोन वर्षांनी, 1856 च्या जून महिन्यात, एका महार मुलाने सरकारदरबारी अर्ज केला की, आपण शाळेची फी देण्यास तयार असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत आपणास घेतले जात नाही. मुंबई सरकारने त्यावर दिलेला निर्णय मननीय आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हे सरकारने मान्य केले. परंतु एकट्या मुलासाठी बाकीच्या विद्यार्थ्यांना दुखवून शाळा ओस पाडणे इष्ट नाही, असे म्हणून अर्ज फेटाळला. पुढे हिंदुस्थान सरकारने कळविले की, बंगाल इलाख्याच्या कोणत्याही सरकारी शाळेत हा नकार मिळाला नसता. 1858 साली संचालकांनीही आपले जुने तत्त्व पुन्हा उच्चारले. आणि 1882 च्या हंटर आयोगाला तेच तत्त्व आणखी एकदा मांडावे लागले. ज्या नियमाची अट्ठावीस वर्षे पुनरुक्तीच करावी लागते, तो नियम कागदावर जिवंत आणि शाळेच्या उंबरठ्यावर मृत असतो, हे यावरून सिद्ध होते.

तरीही तो कागद व्यर्थ होता असे मी म्हणणार नाही. तो नसता तर त्या मुलाचा अर्ज केवळ विनवणी ठरला असता; तो होता म्हणून त्या अर्जाला गाऱ्हाण्याचे स्वरूप आले, आणि सरकारला आपल्या नकाराची कारणे लिहून ठेवणे भाग पडले. ती कारणे दफ्तरात राहिली, आणि पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी याच प्रकरणाचा दाखला देऊन इंग्रजी अमदानीला जाब विचारला. दुर्बळाला नियमाचा पहिला उपयोग हा होतो की, त्याच्यावरील अन्यायाची नोंद होते.

नियमाला बळ कोठून येते, हे पाहण्यास मात्र निपाणीची वेस ओलांडून कोल्हापूर संस्थानात जावे लागते. निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात, आणि त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की कागल, करवीर छत्रपतींच्या छायेखालील जहागीर. याच कागलात गोपाळ कृष्ण गोखल्यांचे बालपण गेले आणि याच कागलच्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज करवीरच्या गादीवर दत्तक आले. गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले आणि पुढील वर्षी ते बहुमताने नामंजूर झाले. शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात तेच शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि जो पालक मूल शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा 1 रुपया दंड ठेवला. त्यापूर्वी, 26 जुलै 1902 रोजी, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढलाच होता. 1919 साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याची आज्ञा झाली. आणि त्याच वर्षाच्या हुकुमांत, अस्पृश्यांना समतेने वागविणे ज्या नोकरास रुचत नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्यास निवृत्तिवेतन मिळणार नाही, असे स्पष्ट बजावण्यात आले. धारवाडचे तत्त्व आणि कोल्हापूरचा हुकूम यांतील अंतर नेमके येथे आहे. धारवाडच्या नियमात तो मोडणाऱ्या मास्तराचे काहीच बिघडत नव्हते. कोल्हापूरच्या हुकुमात त्याची भाकर पणाला लागली होती.

इंग्रजी मुलखालाही हा धडा उशिरा का होईना गिरवावा लागला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबई कायदेमंडळात संमत करून घेतला. 1925 च्या एप्रिलमध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि तीत आंबेडकरांचे भाषण झाले, तेव्हा तो ठराव दीड वर्षाहून जुना होता आणि पाणवठे होते तसेच होते. अखेर 1926 साली बोल्यांनाच दुसरा ठराव आणावा लागला की, जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हे पाळणार नाही त्याचे सरकारी अनुदान रोखावे. आणि त्यानंतरही 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर माणसांना स्वतःच्या पायांनी चालत जावे लागले. नियमामागे दंड हवा आणि दंडामागे जागा झालेला समाज हवा, हा त्या चार वर्षांचा निष्कर्ष आहे.

स्वातंत्र्यानंतर आमच्या भागात प्रश्नाने भाषेचे रूप घेतले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, निपाणी आणि त्यांच्याबरोबर कंग्राळी म्हैसूर राज्यात गेली. त्याच वर्षी घटनेत कलम 350 अ घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असा निर्देश देण्यात आला. वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे 1949 सालीच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरविले होते. आणि जेथे अल्पसंख्याक शेकडा 15 ते 20 असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असेही केंद्राने राज्यांना सांगितले. इतकी कवचे असूनही 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे गेली, आणि त्यांचे स्मारक हिंडलग्यात उभे राहिले. आजही मराठी परिपत्रकांची मागणी येथे दरसाल करावी लागते. ज्या म्हाताऱ्याला कचेरीचा कागद वाचताच येत नाही, त्याने त्या कागदातील हक्क मागावा तरी कसा?

माझे मत असे की, नियम न्यायाचा जन्मदाता नाही, पण न्यायाचे ठेवणीतले बियाणे आहे. ते रुजण्यास तीन गोष्टी लागतात: नियम मोडल्यास अधिकाऱ्यालाच झळ लागली पाहिजे, ज्याच्यासाठी तो केला त्याला तो त्याच्या भाषेत कळला पाहिजे, आणि तो मागणाऱ्याने तोच नियम दुसऱ्यालाही मनःपूर्वक दिला पाहिजे. ही शेवटची अट आपणा मराठी माणसांसाठी अधिक कठीण आहे. कंग्राळीच्या मराठी मुलासाठी आपण जे कलम पुढे करतो, तेच कलम अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कानडी मुलाचेही आहे; आणि भाषेच्या न्यायासाठी रस्त्यावर येणाऱ्या आपल्या गावांत जातीच्या न्यायाचा हिशेब पुरा चुकता झाला आहे, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील?

म्हणून वाचकांस एवढीच विनंती. आपल्या गावच्या शाळेत एकदा जा, हजेरीपट उघडून पाहा, आणि गावातले कोणते मूल त्यात नाही याची चौकशी करा. 1856 साली धारवाडच्या पटावर जे एक नाव लागले नाही, त्याचे ऋण आपणा सर्वांवर अद्याप शिल्लक आहे.